दाता, देणगीदार की दानशूर?

फलकावर किंवा अहवालात पैसे देणाऱ्याला काय म्हणायचं, यावरून समितीची बैठक हमखास लांबते. कुणाला ‘दानशूर’ हवं असतं, कुणाला ‘दाते’. मजकूर टाइप करणारा मात्र मुकाट्यानं ‘देणगीदार’ लिहून मोकळा होतो. माझ्या मते बहुतेक वेळा बरोबर तोच असतो.

‘देणगीदार’मध्ये मराठी देणगीला फारसी ‘दार’ जोडलाय. ठेवीदार, वर्गणीदार हे त्याचे भाऊबंद. त्यामुळे त्याला हिशेबाचा वास येतो, आणि पावतीवर तो यायलाच हवा. किती दिले, कधी दिले, कशासाठी दिले हे प्रश्न या शब्दाला शोभतात. शिवाय बाई असो की पुरुष, रूप तेच.

‘दाता’ आला संस्कृत ‘दा’ धातूतून. त्याला पैशाची अट नाही. रक्त देणारा रक्तदाता, जेवू घालणारा अन्नदाता. रक्ताचा ‘देणगीदार’ कुणी म्हणत नाही. म्हणजे वस्तू, श्रम किंवा अवयव दिले असतील तर दाताच घ्यावा. सुटा ‘दाता’ मात्र जड होतो, कारण देवालाही आपण तसंच म्हणतो. छपाईतही सांभाळावं लागतं: ‘दात्यांची यादी’मधला य गळला की थेट दंतवैद्याचा दवाखाना! आणि नुसतं ‘दाते’ लिहिलं तर ते आडनाव वाटण्याची सोय आहेच.

‘दानशूर’ची जात वेगळी. आधीचे दोन शब्द काय केलं ते सांगतात, हा कसं केलं त्याचं कौतुक करतो. दान करण्यात शूर, म्हणजे स्वतःला झळ लावून घेऊन देणारा. कवचकुंडलं उतरवून देणाऱ्या कर्णाला तो चिकटला तो त्यामुळेच. गंमत अशी, की आज तो सर्वांत जास्त दिसतो आवाहनात: ‘दानशूर व्यक्तींनी सढळ हाताने मदत करावी.’ म्हणजे अजून एक पैसाही न दिलेल्यांना आगाऊ शौर्यपदक. आवाहनात चालतं ते. पण यादीतले सगळेच्या सगळे दानशूर ठरवले, तर ज्यानं खरोखर पोटाला चिमटा काढून दिलं त्याच्यासाठी शब्द उरत नाही. भाषणात, एखाद्याच माणसाबद्दल आणि दुसऱ्याच्या तोंडून तो शोभतो. स्वतःच्या परिचयपत्रात कधीच नाही.

शेजारचे शब्द पटकन उरकतो. बदल्यात जाहिरात हवी असेल तो प्रायोजक. कलावंताला किंवा संस्थेला वर्षानुवर्षं पोसणारा आश्रयदाता. हितचिंतकानं पैसे दिलेच असतील असं नाही. ठरलेला वाटा भरणारा वर्गणीदार. आणि घर किंवा जमीन दिली असेल तर बक्षीसपत्रात तो ‘लिहून देणार’ असतो. तिथे बाकीचे शब्द गैरलागू.

तरीही फलकाचं अडलंच, तर कार्ल्याच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहातले, म्हणजे प्रार्थनागृहातले, खांब आठवावेत. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या तिथल्या प्राकृत लेखांत देणाऱ्याचं गाव येतं, नाव येतं आणि पुढे ‘थभो दान’, म्हणजे खांब दान. दानशूर नाही, दाताही नाही. समितीनं वर ‘देणगीदार’ एवढंच शीर्षक द्यावं आणि खाली नावं शुद्ध लिहिली आहेत ना, ते दोनदा तपासावं.