रिचमंडला जा आणि जहाजाचे जोड बघा: रोझी द रिव्हेटर संग्रहालय, एका वेल्डर बाईच्या नजरेने

मुलांकडे कॅलिफोर्नियात राहायला आलेल्या आईवडिलांना दाखवायची ठिकाणं ठरलेली असतात. गोल्डन गेट, स्टॅनफर्ड, नापाचे द्राक्षमळे. या यादीत मी रिचमंड घालेन, आणि दिवस कमी असतील तर त्यासाठी नापा खुशाल सोडून देईन. सॅन फ्रान्सिस्कोहून खाडी ओलांडली की हे गाव लागतं. दुसऱ्या महायुद्धात मायदेशी राहून युद्धाचं सामान बनवणाऱ्या कामगारांचं राष्ट्रीय उद्यान तिथे २००० साली झालं. नाव ‘रोझी द रिव्हेटर’, म्हणजे रिव्हेट (पत्रे जोडायचा जाड खिळा) ठोकणारी रोझी; युद्धकाळातल्या कामगार बायकांचं हे टोपणनाव. उद्यान म्हणजे झाडं आणि हिरवळ नव्हे. जुनी गोदी, फोर्डचा मोटार कारखाना, पाळणाघर, इस्पितळ असं सगळं गावभर पसरलेलं आहे.

मी वेल्डर आहे. १९८१ मध्ये आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतला तेव्हा बॅचमध्ये मी एकटी मुलगी. पुढे सरकारी आयटीआयमध्ये निदेशक म्हणून वेल्डिंगच शिकवलं आणि त्याच नोकरीतून निवृत्त झाले. त्यामुळे या जागेकडे मी कामाच्या डोळ्यांनी बघितलं. तसंच बघावं असं मला वाटतं.

सुरुवात व्हिजिटर सेंटरपासून करा. प्रवेशाला पैसे नाहीत. फोर्डच्या कारखान्याशेजारी पाण्याच्या काठावर ही विटांची इमारत आहे. कारखान्याचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर बघून लालबाग-परळचं माणूस क्षणभर थबकतंच, कारण आपल्या गिरण्यांची छपरं याच घाटाची होती. युद्ध सुरू झाल्यावर इथल्या मोटारी थांबल्या आणि सुमारे ४९ हजार जीपगाड्या बाहेर पडल्या. पण रिचमंडचं खरं काम गोदीतलं. हेन्री कैसर नावाच्या बांधकाम ठेकेदाराने इथे चार गोद्या उभ्या केल्या आणि युद्ध संपेपर्यंत त्यातून ७४७ जहाजं पाण्यात उतरवली. १९४० मध्ये जेमतेम २३-२४ हजार वस्तीचं हे गाव तीन वर्षांत लाखाच्या घरात गेलं. भर कामाच्या दिवसांत गोद्यांत ९० हजारांच्या आसपास माणसं होती आणि त्यांत साधारण चौथा हिस्सा बायका.

लाल रुमाल बांधून दंड दाखवणाऱ्या बाईचं चित्र इथल्या दुकानात मगवर, टी-शर्टवर, सगळीकडे दिसतं. ते १९४३ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने स्वतःच्या कारखान्यांपुरतं लावलं होतं. त्या काळात बाहेर ते फारसं कुणी पाहिलं नव्हतं, त्याला कीर्ती आली ती १९८० नंतर. लेकीने माझ्यासाठी ठिपक्यांचा लाल रुमाल घेतला आणि तो मला आवडला. पण दुकानात फार रेंगाळू नका, आत जा.

आत मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते या प्रश्नाने: ज्यांनी आयुष्यात कधी होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ) हातात धरला नव्हता, अशा हजारो माणसांकडून जहाज जोडून घेतलं कसं? रोझीच्या नावात रिव्हेट असलं तरी रिचमंडची जहाजं मुख्यत्वे वेल्डिंगने जोडली गेली. आता वेल्डिंग शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. समोर सपाट ठेवलेल्या पत्र्यावर बीड, म्हणजे वितळलेल्या धातूची रेघ, ओढायला पोरं काही आठवड्यांत शिकतात. उभा जोड आला की धातू खाली ओघळतो. आणि ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरचा जोड, तिथे ठिणग्या मानेवर आणि बाहीत शिरतात, हात थरथरतो, तो जोड नीट यायला वर्ष-वर्ष जातं. पारंपरिक गोदीत जहाज एकेक पत्रा लावत जागेवरच वर चढायचं, म्हणजे तिन्ही पोझिशन आल्याच.

कैसरच्या इंजिनिअरांनी काम उलटं केलं. जहाजाचे मोठाले तुकडे आधी जमिनीवर, शेडमध्ये बनवायचे, जोड नेहमी खाली येईल असा तुकडा क्रेनने फिरवून ठेवायचा, आणि पूर्ण झाला की उचलून जहाजाच्या जागी बसवायचा. नवशिक्या बाईला हातासमोर सपाट जोड मिळाला, अनुभवी माणूस अवघड जोडांना मोकळा राहिला. १९४१ मध्ये पहिलं लिबर्टी जहाज (युद्धात एकाच नमुन्याची शेकड्यांनी बांधलेली मालवाहू जहाजं ती लिबर्टी) बाल्टिमोरला बांधलं, त्याला २४४ दिवस लागले होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये रिचमंडच्या दोन नंबर गोदीने ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरवलं. तो विक्रमासाठी केलेला देखावा होता, त्याआधी तयारी बरीच झाली होती. तरी नेहमीच्या जहाजांचा वेळही काही आठवड्यांवर आला होता. शिकणाऱ्याच्या हाताला झेपेल असं काम मांडायचं, ही निदेशकाची निम्मी विद्या. ती एवढ्या मोठ्या प्रमाणावर राबवलेली पाहून माझं मन भरून आलं. बायका पटकन शिकल्या याचं कौतुक पुष्कळ ठिकाणी असतं. काम कुणी आणि कसं शिकण्याजोगं केलं, हे इथे समजतं.

रेंजर, म्हणजे उद्यानाचे गणवेशातले कर्मचारी, मनापासून माहिती देतात. मी वेल्डर आहे म्हटल्यावर आमच्या गटातल्या रेंजरने मलाच दोन प्रश्न विचारले. आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, लागून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि रात्रभर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं, हे मी सांगितलं आणि लेकीने ते इंग्रजीत करून सांगितलं. नोकरी मागायला आलेल्या पहिल्या बायकांना इथे बॉयलरमेकर्स युनियनने दाराबाहेरच ठेवलं होतं. सदस्य झाल्याशिवाय गोदीत काम नाही आणि बाईला सदस्यत्व नाही. १९४२ मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा ते दार उघडलं. दर मात्र वेल्डर पुरुषाइतकाच मिळाला, ही बाब माझ्यासाठी मोठी आहे.

काळ्या कामगारांना तेही दार पूर्ण उघडलं नाही. त्यांच्यासाठी वेगळी दुय्यम शाखा होती, वर्गणी घ्यायची आणि मत द्यायचं नाही अशी. बेटी रीड सॉस्किन त्याच शाखेच्या कचेरीत कारकून होत्या. त्या पुढे याच उद्यानात रेंजर झाल्या आणि २०२२ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निवृत्त झाल्या. रोझीची गोष्ट ही गोऱ्या बाईची गोष्ट आहे, हे त्यांनी रेंजरचा गणवेश घालून वर्षानुवर्षं लोकांना सांगितलं. आमच्या घरातल्या बायका गुलामीच्या काळापासून बाहेर राबतच आल्या आहेत, त्या युद्धामुळे घराबाहेर पडल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. हे ऐकताना मला माझी आई दिसत होती.

आई गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर, होती. तिची आईही गिरणीतच. ‘बायका नोकरीसाठी घराबाहेर पडल्या’ असं आपल्याकडे लिहितात तेव्हा ते काही विशिष्ट घरांबद्दल लिहितात. गिरणगावात बायका पहिल्यापासून होत्या, मुख्यत्वे वाइंडिंग आणि रीळिंगमध्ये. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये बाळंतपणाच्या रजेचा कायदा केला तो गिरण्या-कारखान्यांतल्या या बायकांसाठीच. मग वेगवान यंत्रं आली, पाळ्या वाढल्या, आणि रात्री बाईला कामावर ठेवता येत नाही म्हणून ती खाती हळूहळू पुरुषांकडे गेली. आईचं काम १९८२ च्या संपाच्या कितीतरी आधी गेलं होतं. तिच्या सुटलेल्या नोकरीवर कुणी मोर्चा काढला नाही.

रात्रपाळीचा तोच नियम मलाही आडवा आला. कारखाने कायद्याप्रमाणे बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत कामावर ठेवता यायचं. ट्रेड टेस्ट पास होऊन मी एका कारखान्यात मुलाखतीला गेले. सुपरवायझरने माझा टेस्ट पीस हातात फिरवून बघितला, चांगला आहे म्हणाला, आणि म्हणाला, “ताई, तिसऱ्या पाळीला कोण उभं राहणार?” मी उभी राहायला तयार होते. रिचमंडच्या गोद्या दिवसरात्र चालत होत्या आणि मध्यरात्रीच्या पाळीत बायका वेल्डिंग करत होत्या. तो फोटो बघताना मला जे वाटलं ते राग आणि आनंद दोन्ही होतं, आणि राग जास्त होता.

गरज असेल तेव्हा कायदा वाकतो, हे आपल्याकडेही युद्धातच घडलं. बायकांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली उतरवायला १९३७ पासून बंदी होती. १९४३ मध्ये कोळसा कमी पडला तेव्हा ती उठवली, आधी मध्य प्रांतात आणि मग बंगाल-बिहारमध्ये. तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. केंद्रीय विधिमंडळात या निर्णयावर टीका झाली तेव्हा, त्या कामात बाईला पुरुषाइतकीच मजुरी देण्याची अट घातली आहे हे त्यांनी ठासून सांगितलं. १९४६ च्या सुरुवातीला बंदी परत आली. खाणीतल्या त्या बायकांचं संग्रहालय मी कुठे पाहिलेलं नाही. चंद्रपूरला व्हावं, अशी माझी इच्छा आहे.

पाळणाघराबद्दल दोन शब्द. गोदीतल्या आयांच्या मुलांसाठी १९४३ मध्ये बांधलेली इमारत दुरुस्त करून जपली आहे. तिथे रेंजरबरोबरच जाता येतं, म्हणून आधी चौकशी करा. जहाज वेळेवर हवं असेल तर वेल्डर बाईचं मूल कुठेतरी सुरक्षित असलं पाहिजे, हे तिथे सरकारने पैशासकट मान्य केलं होतं. आणि जावयाच्या पाकिटातलं ते ‘कैसर पर्मनेंटे’ या आरोग्य संस्थेचं कार्ड? तेही इथलंच. गोदी कामगारांच्या पगारातून ठरावीक रक्कम कापून चालवलेली दवाखान्याची सोय युद्धानंतर बाहेरच्या लोकांना खुली केली, तीच ही संस्था.

आता जहाज. तीन नंबर गोदीत ‘रेड ओक व्हिक्टरी’ उभं आहे. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये रिचमंडलाच पाण्यात उतरलं, पॅसिफिकमध्ये दारूगोळा पोचवला, नंतर कित्येक वर्षं भंगाराच्या वाटेवर पडून होतं. १९९८ मध्ये गावाने ते परत आणलं. त्याचं वेगळं तिकीट आहे आणि ते द्यावं. जहाज सांभाळणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत, वयस्क, हाताला ग्रीस लागलेले. इंजिनरूममध्ये नेऊन स्टीम टर्बाइन समजावून सांगतात.

मी मात्र जास्त वेळ पत्र्यांचे जोड बघत होते. रंगाचे थर चढलेत, तरी बीड कळतो. काही ठिकाणी लाटा इतक्या एकसारख्या की हात फिरवावासा वाटतो. काही ठिकाणी रॉड बदललेली जागा स्पष्ट दिसते, सुरुवात जरा जाड झालेली. माझ्या वर्गात मी त्याला दहापैकी सहा दिले असते आणि पुढच्या जोडाला नऊ. हे हात कुणाचे होते ते कुठे लिहिलेलं नसतं. जोडात मात्र ते राहिले आहेत.

तिथेच उभी राहून मी लेकीला टिपरबाईंबद्दल सांगितलं. युद्धात वेल्डिंगची काही जहाजं तडकली होती. कैसरच्याच पोर्टलंडच्या गोदीत बांधलेलं ‘स्केनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज जानेवारी १९४३ मध्ये शांत पाण्यात धक्क्याला उभं असताना दुभंगलं. पहिला संशय अर्थातच वेल्डरवर. केंब्रिजच्या धातुतज्ज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की ते पोलाद ठरावीक तापमानाच्या खाली ठिसूळ होतं आणि काचेसारखं तडकतं. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी थांबायचा, वेल्डिंगने अख्खं कवच एकसंध झाल्यावर तो धावतच राहायचा. हॅचचे, म्हणजे डेकवरच्या माल उतरवायच्या तोंडाचे, चौकोनी कोपरे त्याला सुरुवात करून द्यायचे. हे मी प्रत्येक बॅचला शिकवलं. जोड तुटला की वेल्डरकडे बोट जातं, तेव्हा आधी तुटलेला भाग नीट बघायला मागा, असं मी मुलांना सांगायचे आणि पुढच्या वर्षांत आलेल्या मुलींनाही. दोन्ही टोकांना बाई आहे, जोडणारीही आणि दोष शोधणारीही. उद्यानात या विषयाला एक अख्खी भिंत मिळावी, एवढी माझी मागणी आहे.

युद्ध संपलं आणि बहुतेक बायकांचं गोदीतलं काम गेलं. गोद्याच बंद झाल्या म्हणून पुरुषांचंही गेलं, पण पुरुष दुसऱ्या कारखान्यात वेल्डर म्हणून गेले. बायका हॉटेलांत, कचेऱ्यांत, घरी. अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक या बायकांना मिळालं एप्रिल २०२४ मध्ये. तोवर हयात असलेल्या बहुतेक जणी नव्वदीच्या पुढच्या होत्या.

जायचं कसं ते सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी बिल्डिंगवरून रिचमंडची बोट असते, सुमारे ३५ मिनिटं लागतात, आणि धक्क्यावरून व्हिजिटर सेंटर चालत आहे. जहाज तिथून लांब, गाडीच लागते, आणि ते रोज उघडं नसतं. रविवार धरा, पण निघण्याआधी वेळ बघा. जहाजावरचे जिने उभे आणि अरुंद आहेत. साडी नेसून जाऊ नका, पंजाबी ड्रेस आणि पकड असलेले बूट घाला. गुडघे दुखत असतील तर इंजिनरूम सोडा, डेक तरी नक्की बघा. पाण्यावरचा वारा मे महिन्यातही बोचतो, स्वेटर न्या. डबा बरोबर घ्या, खाडीच्या काठाने बसायला जागा आहे. नातवंडं आठ-दहा वर्षांची असतील तर जरूर न्या, क्रेन बघून ती खूश होतात. आणि तुमच्या घरात कुणी गिरणीत, गोदीत, कारखान्यात काम केलेलं असेल तर ते रेंजरला सांगा. ते थांबून ऐकतात.