विजेट, डागडुजी की नवी साइट?

इतवारीत साड्यांचं दुकान असो की संत्रा बर्फीची ऑनलाइन विक्री, नागपुरात साइट आता सगळ्यांचीच असते. ती अंध ग्राहकालाही वापरता यावी असं ठरवलं, की तीन रस्ते दिसतात.

विजेट सगळ्यात सोपं. कोडची एक ओळ टाकली की कोपऱ्यात बटण येतं, अक्षरं लहानमोठी होतात, भाडं सुरू होतं. पण पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक अंध माणसाच्या अँड्रॉइड फोनवर असतंच, कॉम्प्युटरसाठी तसंच एनव्हीडीए फुकट मिळतं. त्याला तुमचं बटण कशाला हवंय? अडतं ते साइटच्या आत. अ‍ॅक्सेसिबी ही विजेटवाली कंपनी कुठलीही साइट नियमांत बसवून देतो म्हणायची. हा दावा दिशाभूल करणारा असल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ साली तिला दहा लाख डॉलर भरायला लावले.

माझं मत आहे त्याच साइटच्या डागडुजीकडे. आधी माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर (टॅब, एंटर, स्पेस, बाण) एक साडी पैसे भरण्यापर्यंत मागवून बघा. बहुतेक वेळा गाडी रंग निवडताना अडते, नाहीतर एनव्हीडीए लावून बघितल्यावर पिनकोडच्या चौकटीत, कारण त्या चौकटीला कोडमध्ये नावच दिलेलं नसतं. मग रंग तपासा. आपल्याला संत्र्याचा रंग भारी प्रिय, पण नारिंगी बटणावर पांढरी अक्षरं कमी दिसणाऱ्याला वाचता येत नाहीत. साध्या मजकुराला अक्षरं आणि त्यांच्यामागचा रंग यांच्या उजळपणात ४.५ : १ एवढा फरक लागतो, तिथे काळी अक्षरं सहज बसतात, एवढाच बदल.

नवी साइट तेव्हाच, जेव्हा भावपत्रकापासून मेन्यूपर्यंत सगळं चित्रांतच भरलेलं असेल. नवी म्हणजे सुगम, असं मात्र नाही. डब्ल्यूसीएजी २.२ (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे जागतिक निकष), पातळी एए, हे करारात लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता अंध व्यक्तीकडून (मानधन देऊन) तपासणी झाल्यावरच द्या.

कायदा म्हणाल तर, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचं कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही धरतं. कायदा मोडल्यास पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुढे पन्नास हजार ते पाच लाख.

राहिली फोटोंची वर्णनं, म्हणजे फोटोच्या जागी अंध गिऱ्हाइकाला ऐकू येणारा मजकूर. ती डेव्हलपरवर सोडू नका, तो ‘साडी १’, ‘साडी २’ लिहून मोकळा होईल. गल्ल्यावरच्या ज्या ताई फोनवर गिऱ्हाइकाला ‘मोरपंखी, काठ लाल, पदरावर बारीक बुट्टी’ असं सांगतात, त्यांच्याकडूनच लिहून घ्या.