आरएक्स १०० बंद पडली आणि ९,९५० रुपये पाण्यात गेले

९,९५० रुपये. बंद पडलेली माझी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल चालू करून द्यायचे. मूळ बिघाड होता ऐंशी रुपयांचा, आणि वर माझा ओरिजिनल मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा पार्ट) गेला तो वेगळाच. गाडी १९९४ची. कंपनीने हे मॉडेल १९९६मध्ये बंद केलं, त्यामुळे तिच्या जुन्या पार्टना आज काय भाव येतो हे जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना सांगायला नको. माझी गाडी नेणाऱ्या मेकॅनिकलाही नको होतं.

गणेश चवथीच्या तोंडावर, भर पावसात, गोव्यात डिचोलीहून म्हापशाला जाताना अस्नोड्याच्या पुढे गाडी फटफटत थांबली. किक मारून पाय भरून आला, गाडी ढिम्म. मोबाइलवर 'जागेवर येऊन दुरुस्ती' शोधलं आणि वर दिसला तो नंबर लावला. सगळे हेच करतात, मीही केलं.

माणूस लगेच आला. बोलायला गोड. त्याने स्पार्क प्लग काढलाच नाही! न चालू होणाऱ्या टू-स्ट्रोकचा प्लग न उघडणारा मेकॅनिक मी जन्मात पाहिला नव्हता. बॅटरीला टेस्टर लावला, मान हलवली, म्हणाला, "बॅटरी मेली पात्रांव, तिने सीडीआय पण नेला." सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा. अहो, या गाडीची बॅटरी काढून फेकली तरी ती किकवर चालू होते. ठिणगीचा करंट मॅग्नेटोकडून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या पार्टकडून येतो, बॅटरी फक्त हॉर्न, इंडिकेटर वगैरेपुरती. हे मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक आहे. तरी त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही. डोक्यावर पाऊस, पिशवीत गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, घरून फोनवर फोन. मला हसणाऱ्यांनी आधी त्या रस्त्यावर तसं उभं राहून दाखवावं.

"भिवपाची गरज ना," म्हणत त्याने गाडी पिकअपमध्ये चढवली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर रेघा पडलेल्या पिस्टनचा फोटो. कोणाच्या गाडीचा, देव जाणे. मग हिशोब: व्हिजिट ३००, पिकअप ९००, बॅटरी १,३५०, सीडीआय १,८५०, कॉईल ६५०, ब्लॉक-पिस्टन बोरिंग ३,४००, मजुरी १,५००. पैसे दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही. क्यूआर कोड भलत्याच नावाचा, बिल म्हणून चिटोरा, त्यावर ना गॅरेजचं नाव ना जीएसटी नंबर. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". जुने पार्ट हातात पडल्याशिवाय एक रुपया सोडू नका. आणि गाडी देतानाच इंजिन, कार्बोरेटर, चेसिस नंबर, सगळ्याचे जवळून फोटो काढून ठेवा, त्याच्यासमोर.

नवा पिस्टन घातला की मेस्त्री बजावतो, थोडे दिवस गाडी दाबू नको, रनिंग होऊ दे. याने तेवढं नाटकही केलं नाही.

पुढच्या पावसात गाडी पुन्हा तशीच बंद. या वेळी डिचोलीतल्या आमच्या जुन्या मेस्त्रीकडे ढकलत नेली. त्यांनी प्लगची कॅप ओढून काढली, तर आतून पाणी ओघळलं. कॅपला बारीक चीर. वायरचं काळं पडलेलं टोक कापलं, ऐंशी रुपयांची नवी कॅप बसवली, दुसऱ्या किकला गाडी चालू. हे रस्त्यावर तुम्हीही बघू शकता: प्लग काढून कॅपमध्ये घाला, इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून धरा, किक मारा. निळी ठिणगी दिसली तर सीडीआय, कॉईल ठीक. ठिणगी नसेल तर आधी दुसरा प्लग, मग कॅप, सीडीआय सगळ्यात शेवटी. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाही, कॉक रिझर्व्हला टाका.

मग मेस्त्री म्हणाले, "कार्बोरेटर कधी बदललास?" मी बदललाच नव्हता. तिथे बिननावाची नक्कल बसलेली. हेड उघडलं. बोरिंग म्हणजे ब्लॉक आतून घासून मोठा करायचा, मग पिस्टनही आधीपेक्षा मोठ्या साइझचा लागतो. मागच्या बोरिंगला घातलेल्या पिस्टनच्या माथ्यावर ५० असा साइझ कोरलेला होता, नवा असता तर ७५ हवा होता. ५०च होता. ३,४०० रुपये कशाचे?

पोलिसांत गेलो. पहिल्या ठिकाणी उत्तर, गाडी बंद पडली तिकडे जा. तिथे म्हणाले, गॅरेज जिथे आहे तिकडे जा. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ खाली हद्द न पाहता दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घ्यायची आहे, असं सांगितलं तर हवालदार हसला. "गाडी तुम्हीच दिली, पैसे तुम्हीच दिले, यात गुन्हा कसला? सिव्हिल मॅटर." विश्वासाने दिलेल्या वस्तूतला पार्ट काढून विकणं हा सिव्हिल मॅटर? मग भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचं ३१६ कलम कशाला छापलंय? बँकेत गेलो, पिन तुम्हीच टाकलात म्हणे. वाहतूक खात्यात गेलो, गॅरेज आमच्याकडे येत नाहीत म्हणे. हेल्मेट नसतं तर मात्र पोलीस आणि वाहतूक खातं दोघेही दिसले असते.

शेवटी ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲप पुसू नका, माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढंच उरलंय. त्या मेकॅनिकचा नंबर मोबाइलवर शोधलं की अजून वरच दिसतो, पाच तारे घेऊन.

कोणी आरएक्सचा ओरिजिनल मिकुनी विकायला आणला तर उलटा करून बघा. फ्लोट चेंबरला तीन स्क्रू आणि एक ॲलन बोल्ट असेल तर तो माझा आहे.