गुलाबी पॅकेजमध्ये सगळं आहे, हाताची तपासणी सोडून

साताऱ्यातल्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये ऑक्टोबरात बायकांसाठी 'गुलाबी पॅकेज' असतं, त्यात मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेवर, सवलत असते. यंदा मी आणि धाकट्या जाऊबाई गेलो. खाली तक्रारही आहे, म्हणून सेंटरचं नाव लिहीत नाही.

आधी कौतुक, आणि ते सगळं सिस्टरांचं. मॅमोग्राफीच्या आधी त्या बायकांना एका छोट्या खोलीत बसवतात. टेबलावर सिलिकॉनचा स्तन, आत गाठी लपवलेल्या. "शोधा." आम्ही दोघींनी चिमटीत धरून पाहिलं, काही लागलं नाही. मग त्यांनी दाखवलं: मधली तीन बोटं जोडून, टोकांनी नाही तर पेरांच्या मऊ भागाने, गोल फिरवत, आधी हलका दाब, मग मध्यम, मग थेट बरगडी लागेपर्यंत. गळ्याच्या हाडापासून खाली, काखेसकट. खोलवरची गाठ तिसऱ्या दाबालाच हाताला लागली. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात बघायचं, पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरायची. जाऊबाईंनी भिशीची तारीख धरली! आरशात खळी, आत ओढलेलं बोंड, संत्र्याच्या सालीसारखी कातडी दिसते का, बोंडातून रक्ताळ पाणी येतं का, हेही सांगितलं. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मॅमोग्राफी करणाऱ्याही ताईच होत्या. पावडर, डिओ पुसायला लावतात, कारण त्याचे कण फोटोत चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. प्रत्येक बाजूचे दोन फोटो. दाबतात तेव्हा कळ येते, पण काही सेकंदच. गाऊनला मात्र नाड्या नव्हत्या.

आता तक्रार. पॅकेजमध्ये थायरॉईड आहे, व्हिटॅमिन डी आहे, पण डॉक्टर किंवा नर्सने हाताने तपासणं नाही. सिस्टर शिकवतात, तपासत नाहीत. विचारलं तर "गर्दी आहे हो ताई". मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून वीस वर्षं चाललेला अभ्यास केला. त्यात वस्त्यांमधल्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. उलट शांघायमध्ये अडीच लाखांवर कामगार बायकांच्या अभ्यासात नुसतं स्वतः तपासायला शिकवून मृत्यू घटले नाहीत. म्हणजे आपलं शरीर ओळखीचं असावं हे खरंच, पण शिकलेला हातही फिरायला हवा. त्याला मशीन लागत नाही, मग तो वगळायचा कशाला?

दुसरं, रिपोर्ट इंग्रजीत हातात देतात आणि संपलं. जाऊबाईंच्या कागदावर 'बायरॅड्स 2' (मॅमोग्राफीत काय दिसलं ते सांगणारा ठरलेला आकडा) होतं. त्यांना वाटलं दुसरी स्टेज! बाहेर बाकावर बसून रडल्या. 2 म्हणजे जे दिसलं ते निरुपद्रवी. 0 आलं तर आणखी फोटो किंवा सोनोग्राफी लागते. एवढं काउंटरवर मराठीत चिकटवायला काय जातं?

आणि आमच्यापुढे विशीतल्या, कसलीच तक्रार नसलेल्या एका मुलीलाही तेच पॅकेज गळ्यात मारत होते. त्या वयात स्तन दाट असतात, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन सिस्टरांचे. त्या दुपारी नसतात, सकाळचीच वेळ घ्या.