तीन क्रूझ, दोन मुलं आणि एक केटल: दीड वर्षानंतरचा अनुभव

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून आतापर्यंत आमच्या तीन क्रूझ झाल्या, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. घरात मी, नवरा, आता नऊ वर्षांचा झालेला मुलगा आणि मुलगी. पहिल्या खेपेला ती 2 वर्षं 8 महिन्यांची होती, आता चारची झाली. तिसऱ्या खेपेला भारतातून सासू-सासरे आलेले होते. ओळखीतलं कोणी ना कोणी दर महिन्याला फोन करून विचारतं, "कोणती क्रूझ घेऊ गं?" आणि मी प्रत्येकाला तेच अर्धा तास सांगते. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आमच्या बाबतीत जे बिनसलं ते कोणत्या कंपनीच्या बोटीवर, ते सांगणार नाही. एका वाईट रात्रीवरून अख्ख्या कंपनीवर शिक्का मारण्यात अर्थ नाही. नियम मात्र नावानिशी सांगते, कारण ते त्यांनीच जाहीर केलेले आहेत.

पहिली क्रूझ आम्ही घसरगुंड्या बघून घेतली. खरंच. नवरा आणि मुलगा रात्री सोफ्यावर बसून व्हिडिओ बघायचे, कोणत्या बोटीवर किती मजले, किती स्लाइड. विमानाचं तिकीट वाचेल म्हणून न्यूयॉर्क परिसरातल्याच बंदरातून सुटणारी सात रात्रींची बहामाची ट्रिप घेतली. फेब्रुवारीत, शाळा बुडवून, कारण तेव्हा भाव उतरलेले असतात. ते का उतरलेले असतात हे बोटीवर कळलं. इथून बहामाला पोहोचायला दीड-दोन दिवस लागतात आणि तोपर्यंत वरच्या डेकवर स्वेटर घालून फिरायचं. दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटेरसजवळ समुद्र असा काही हलला की बुफेतली माणसं निम्मी झाली. आमची केबिन होती पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त हलतं तिथे. आता कुठलीही बोट असो, मी मधली आणि खालची केबिन घेते आणि पर्समध्ये आलेपाक ठेवते.

पण खरी फजिती किड्स क्लबच्या दारात झाली. काउंटरवरच्या मुलीने हसून मुलाच्या हातात पट्टा बांधला, त्यावर आणीबाणीत कुठे जमायचं त्याचा नंबर. मग धाकटीकडे बघून विचारलं, वय किती, डायपर सुटलाय का? दोन्ही उत्तरं चुकीची. तिला प्रवेश नाही. बरं, म्हटलं पूलमध्ये नेऊ. तिथेही पाटी: डायपरवालं मूल पूलमध्ये चालणार नाही, पोहायचा डायपर घातलेला असला तरी नाही. हा कुठल्या एका कंपनीचा खडूसपणा नाही, अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या बोटींना लागू असलेला सरकारी आरोग्याचा नियम आहे. अशा मुलांना फक्त त्यांच्यासाठी म्हणून ठेवलेल्या कारंज्यांच्या जागेत सोडता येतं. ती जागा आमच्या बोटीवर आमच्या हॉलएवढी होती. सात दिवसांतले चार दिवस मी तिथल्या ओल्या रबरी जमिनीवर मांडी घालून बसले होते. स्लाइडला उंची लागते 48 इंच, ती फक्त मुलाची भरली. म्हणजे चार तिकिटं काढली आणि क्रूझ झाली एकट्या त्याची.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. बोट निवडताना आधी घरातलं सगळ्यात लहान माणूस कोण ते बघायचं. त्याचं वय आणि त्याचा डायपर. घसरगुंड्या त्यानंतर.

आणि यात कंपन्याकंपन्यांत खरंच फरक आहे. कार्निव्हलचा किड्स क्लब, कॅम्प ओशन, 2 वर्षांपासूनची मुलं घेतो आणि डायपर असला तरी चालतो. रॉयल कॅरिबियनच्या अॅडव्हेंचर ओशनला 3 पूर्ण लागतात आणि डायपर सुटलेला लागतो. त्याखालच्यांसाठी काही बोटींवर पाळणाघर आहे, त्याचे पैसे वेगळे. डिस्नेचंही तसंच, क्लब 3 पासून आणि 6 महिन्यांपासूनच्या बाळांसाठी तासावर पैसे घेणारी नर्सरी. एमएससीवर अगदी लहानांसाठी चिको या बाळांच्या वस्तूंच्या कंपनीबरोबरचा बेबी क्लब आहे आणि मोठ्यांना लेगो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर बहुतेक कंपन्या बोटीवरच घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरीला वर्ष पूर्ण लागतं. आणखी एक मेख म्हणजे रॉयलच्या ज्या लाटांच्या मशीनचे व्हिडिओ सगळे बघतात, त्या फ्लोरायडरवर पोटावर झोपून जायला 52 इंच उंची लागते आणि उभं राहायला 58. आठ-नऊ वर्षांच्या पोराला ते स्वप्न दाखवण्याआधी भिंतीला उभं करून मोजा.

दुसरी क्रूझ आठ महिन्यांनी, फ्लोरिडातून, चारच रात्रींची. धाकटी सव्वातीनची झाली होती आणि उन्हाळ्यात आम्ही अक्षरशः क्रूझसाठी म्हणून तिचा डायपर सोडवला होता. पहिल्या दिवशी ती क्लबच्या दारात माझ्या पायाला मिठी मारून रडली. वीस मिनिटांनी डोकावले तर हातावर कागदाचा ऑक्टोपस चिकटवून बसलेली, माझ्याकडे बघायलाही तयार नाही. त्या दिवशी नवरा आणि मी दोघांनी समोरासमोर बसून गरम कॉफी प्यायली. किती दिवसांनी, ते आम्ही मोजायचं टाळलं. क्लबच्या वेळा मात्र आधीच बघून ठेवा. कार्निव्हल आणि रॉयलवर रात्री दहानंतर तासाचे पैसे लागतात. डिस्नेवर रात्री उशिरापर्यंत मोठ्या मुलांच्या क्लबचे वेगळे पैसे नसतात.

या क्रूझवरची कटकट वेगळी. केबिन बरोबर पूलच्या खालच्या मजल्यावर आली. पहाटे पाचला वर खुर्च्या ओढायला सुरुवात. फरशीवरून लोखंड घासत नेल्याचा तो आवाज, आणि एक थांबली की दुसरी. तक्रार केली, माफी मागितली, फळांची टोपली आली, खुर्च्या चालूच राहिल्या. चूक माझीही होती. डेकचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो, आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते दोन मिनिटांत दिसतं. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर निवांत झोपाल. मी "सगळ्यात स्वस्त, कुठलीही चालेल" असं बुकिंग केलं होतं, त्यात खोली तेच ठरवतात.

पैशांचं थोडं सांगते. जाहिरातीतला भाव हा दोघांच्या केबिनमधला माणशी भाव असतो. तिसऱ्या-चौथ्याला सवलत मिळते, "मुलं फुकट" अशाही योजना निघतात, पण बंदराचा कर आणि टिप प्रत्येकाला भरावी लागते. टिप माणशी रोज साधारण 16 ते 19 डॉलर, आणि बहुतेक ठिकाणी दोन वर्षांपुढच्या पोराचीही तेवढीच. सात रात्रींचे चौघांचे पाचशेच्या आसपास होतात. त्यात वायफाय, बेटावरचा वॉटरपार्क (रॉयलच्या कोकोकेवर किनारा फुकट, मोठ्या घसरगुंड्यांचा पार्क विकत), पार्किंग. आमचं अंतिम बिल तिन्ही वेळा तिकिटाच्या दीडपटीच्या आसपास गेलं. डिस्नेवर आम्ही गेलेलो नाही. दोनदा कार्टमध्ये टाकून काढली. त्याच आठवड्याचा, तेवढ्याच रात्रींचा भाव मला दुसऱ्या कंपनीच्या जवळजवळ दुप्पट दिसला. जाऊन आलेली मैत्रीण मात्र दोन गोष्टींसाठी पैसे वसूल म्हणते. बहुतेक खोल्यांत बाथरूम दोन भागांत आहे, एकात अंघोळ आणि एकात टॉयलेट, त्यामुळे सकाळी भांडणं नाहीत. आणि रोज रेस्टॉरंट बदलतं पण वाढणारी माणसं तुमच्याबरोबर फिरतात, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून पोराला दूध कसं लागतं हे त्यांना पाठ.

वाढणाऱ्यांवरून तिसरी क्रूझ. या मार्चमधली, सासू-सासऱ्यांबरोबरची. पाच माणसांची एक केबिन मिळणं कठीण आणि आम्ही सहा, म्हणून आतून दार असलेल्या दोन खोल्या घेतल्या. हा आमचा सगळ्यात शहाणा निर्णय. अशा खोल्या थोड्या असतात, त्यामुळे लवकर संपतात.

बंदरावर सामानाच्या तपासणीत आईंची बॅग बाजूला काढली. आत इलेक्ट्रिक केटल. आगीचा धोका म्हणून बोटीवर केटल चालत नाही, इस्त्रीही नाही. केटलला चिठ्ठी बांधून ती ठेवून घेतली, शेवटच्या दिवशी परत मिळेल म्हणाले. घरच्या चकल्या आणि मेतकूटही गेलं, कारण घरी केलेलं खाणं चालत नाही. दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं. आईंचा चेहरा बघवत नव्हता. "सकाळचा चहा कुठून आणू आता?" बुफेत चोवीस तास चहा असतो हे सांगून उपयोग नव्हता, पिशवी बुडवलेलं गरम पाणी म्हणजे चहा नव्हे.

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये मुख्य वेटर आला. बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो, त्याच्या बिल्ल्यावर इंडिया. आई कुडाळच्या. त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "इंडिया म्हणजे कुठला रे तू?"

"वेंगुर्ल्याचो."

पुढची दहा मिनिटं आमच्या टेबलाचं जेवण थांबलं. शेवटी तो म्हणाला, "आजी, सोलकढी काय हय गावाची नाय, पण उद्यापासून वरण-भाताचा बघतंय मी." आणि खरंच बघितलं. रोज रात्री मेनूत नसलेली एक डाळ, एक भाजी, भात, कधी पोळी. सोमवारी आईंचा उपवास होता. त्यांना फ्रेंच फ्राइज चालले असते, पण त्याच तेलात चिकन तळत असतील ही शंका. त्याने आत जाऊन विचारलं, तेल एकच आहे असं खरं ते सांगितलं आणि उकडलेला बटाटा, जिरं आणि दही आणून दिलं. शेवटच्या रात्री आईंनी त्याच्या हातात वेगळं पाकीट दिलं. किती होते ते आम्हाला सांगितलेलं नाही.

हे नशिबावर सोडायची गरज नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांवर मुख्य हॉलमध्ये आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर भारतीय शाकाहारी जेवण करून देतात. गोवा-कोकणातली माणसं बोटींवर पुष्कळ आहेत. पहिल्याच रात्री मुख्य वेटरला गाठा, चौथ्या रात्री नव्हे.

या ट्रिपमध्ये एका बेटावर उतरताच आलं नाही. वारा जोरात होता, बोट धक्क्याला लागेना, कप्तानाने घोषणा केली आणि आम्ही पुढे गेलो. मुलगा तासभर रुसला. परत मिळाली ती त्या बंदराची फी, बाकी काही नाही. करारात तसं लिहिलेलंच असतं. त्यामुळे फक्त एका बेटासाठी म्हणून क्रूझ घेऊ नका.

इथल्या आपल्या लोकांसाठी एक कामाचं. कॅनडा-मेक्सिकोला 30 दिवसांच्या आत जाऊन यायची, व्हिसाचा शिक्का संपला असला तरी चालणारी जी सवलत आहे, ती एच-वन-बीवाल्यांना बहामासारख्या बेटांवरून परतताना लागू होत नाही. बुकिंगआधी पासपोर्ट उघडून शिक्क्याची तारीख बघा. आणि फोन बोटीवर चढताक्षणी एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर रोमिंगचं बिल येतं. आमच्याकडे एकाने टाकला नव्हता. त्यांचं नाव घेत नाही, ते माझे यजमान आहेत.

भारतातून विचारणाऱ्यांना मी सिंगापूरकडे बोट दाखवते. तिथून तीन-चार रात्रींच्या ट्रिपा मिळतात, समुद्र बहुधा शांत, गेंटिंग ड्रीम या बोटीवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे आणि डिस्नेची अॅडव्हेंचर ही बोटही खास सिंगापूरसाठीच ठेवलेली. मुलं लहान असतील तर पहिल्यांदा तीन-चार रात्रीच पुरे. सातव्या दिवशी बुफेतला तोच पास्ता बघून आमची दोघंही "घरचा आमटी-भात दे" म्हणायला लागली होती.

केटल परत मिळाली. बोटीतून उतरताना एका टेबलावर पन्नासेक इस्त्र्या, केटल आणि एक्सटेंशन बोर्ड मांडून ठेवले होते, आणि आईंनी आपली लांबूनच ओळखली.

चौथी पुढच्या वर्षी. मुलाला आयकॉन ऑफ द सीज हवी आहे, वीस मजल्यांची. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर 48 इंचांवर पेन्सिलची रेघ मारलेली आहे. धाकटी सकाळी दूध प्यायली की तिच्याखाली जाऊन टाचा उंचावून उभी राहते. अजून सात इंच आहेत, म्हणून बुकिंग केलेलं नाही.