प्राणिवर्तन गाऊन आणि हसवून शिकवलं: सत्रभर वापरानंतरचा अनुभव

बीएस्सीच्या मुलांना प्राणिवर्तन शिकवताना जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत गाणी आणि विनोद दोन्ही वापरले. नागपुरातला छोटा खासगी वर्ग, बरीच मुलं काटोल, उमरेड, रामटेककडची, इथं खोली करून राहणारी. पाचापैकी साडेतीन स्टार. गाण्याला साडेचार, विनोदाला अडीच, असा तो हिशोब आहे.

आधी गाणं. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये मांडलेले चार प्रश्न हा या विषयाचा कणा. प्राणी असा वागतो त्यामागचं लगेचचं कारण काय, ते वागणं वाढीच्या काळात कसं घडतं, तगून राहायला त्याचा उपयोग काय आणि उत्क्रांतीत ते आलं कुठून. मुलं तीन सांगतात, चौथा गिळतात, आणि कारण व उपयोग यांची तर हमखास खिचडी करतात. आपल्या खडी गंमतीत, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्यात, कलगी आणि तुऱ्याचे सवाल-जवाब असतात, तोच साचा उचलला. वर्गाचे दोन फड, बेंचवर ठेका, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं:

सांग गा कलगीवाल्या, पाखरू कायले गाते?
दिवस झाले मोठे, आंगात हार्मोन चढते!
सांग गा कलगीवाल्या, पाखरू कायले गाते?
लहानपणी आयकलं बापाचं, म्हून त्याले येते!
सांग गा कलगीवाल्या, पाखरू कायले गाते?
हद्द राखते आपली, अन् मादी जवळ येते!
सांग गा कलगीवाल्या, पाखरू कायले गाते?
आज्या-पणज्याची रीत हाये, तीच पुढे जाते!

सवाल एकच, जवाब चार, आणि एक खरा ठरला म्हणून दुसरा खोटा पडत नाही. टिनबर्गनना हेच तर म्हणायचं होतं. फळ्यावर तक्ता काढून हे इतकं पक्कं बसत नव्हतं. चाचणीत पोरं ओठ हलवत लिहितात, ते बघायला मजा येते.

सगळ्यात जास्त फायदा झाला मधमाशीच्या नाचात, कारण तिथं ताल हीच माहिती आहे. फुलं कुठं आहेत ते माशी पोळ्यातल्या बाकीच्यांना नाचून सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली, १९७३ चं नोबेल त्यांना प्राणिवर्तनाचेच अभ्यासक लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्यासोबत मिळालं. पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर सरळ वर म्हणजे सूर्याची दिशा. उभ्या रेषेशी नाचाचा जो कोन, तोच सूर्य आणि फुलं यांच्यातला कोन. पोट थरथरवत सरळ चालण्याचा वेळ म्हणजे अंतर, ढोबळ मानानं सेकंदाला किलोमीटर. आता पोळं नागपुरातल्या झिरो माईलला आहे आणि फुलं फुटाळा तलावाला, असं धरा. सकाळी सूर्य पूर्वेला, फुटाळा पश्चिमेला, म्हणजे माशी जवळपास सरळ खाली तोंड करून थरथरणार, साधारण चार सेकंद. एक जण फळ्यावर बोटानं नाचतो, बाकीचे टाळ्यांवर सेकंद मोजतात आणि फुलं कुठं ते ओळखतात. कुणी चुकीच्या कोनात नाचलं की सगळं पोळं गोरेवाड्याच्या जंगलात जातं, आणि 'कुठं नेऊन राहिला बे' म्हणून ओरड होते.

पावशाला तर चाल लावायचीच गरज पडली नाही. 'पेरते व्हा, पेरते व्हा' प्रत्येकानं घरी ऐकलेलं. तो सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, एवढंच वर सांगायचं.

विनोदाचं मात्र तसं नाही. जिथं विज्ञानातच गंमत आहे तिथं तो मस्त चालतो. जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या नावावर एक किस्सा सांगतात: भावासाठी जीव द्याल का? तर दोन भाऊ किंवा आठ चुलत भाऊ वाचत असतील तर देईन. सख्ख्या भावाशी जनुकांचं नातं निम्मं, चुलत भावाशी एक अष्टमांश. नातेवाइकासाठी झळ सोसणं कधी परवडतं, याचं सूत्र १९६४ मध्ये हॅमिल्टन यांनी मांडलं, त्याचं सार या एका वाक्यात येतं. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, 'सर, अन् साळ्याचं काय?' साळ्याशी रक्ताचं नातं शून्य, हा मुद्दा त्यानंच काढून दिला. शेणकिड्यांना टोप्या घालून त्यांना आकाशगंगा दिसते का हे तपासणारा प्रयोगही असाच. त्याला २०१३ चा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला, आणि हसता हसता प्रयोगात तुलनेचा गट का लागतो ते मुलांना कळलं.

पण कोकीळ-कावळ्यावर नक्कल केली की गाडी घसरते. कावळीण बिचारी भोळी, कोकिळा लबाड सवत, असा संवाद वर्गात हशा पिकवतो आणि उत्तरपत्रिकेत जसाच्या तसा उतरतो. 'कोकिळा आळशी असल्यामुळे घरटे बांधत नाही.' शून्य गुण द्यावे लागतात. वर पुस्तकातलं युरोपीय कोकिळेचं चित्र मिसळतं आणि आपल्या कोकिळेचं पिल्लूही कावळ्याची पिल्लं ढकलून देतं असं लिहितात. ते सहसा ढकलत नाही, कावळ्याच्या पिल्लांबरोबर वाढतं. दसऱ्यानंतर असल्या प्रत्येक नकलेमागून मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गनचा नियम लावायला लागलो: खालच्या पायरीच्या क्षमतेनं वागण्याचा उलगडा होत असेल तर वरच्या पायरीच्या बुद्धीचं नाव घ्यायचं नाही. हा नियम १८९४ चा आहे, पण नकलेवर उतारा म्हणून अजून चालतो. त्यानं हशा थोडा कमी होतो, उत्तरं सुधारतात.

अडचणी म्हणाल तर आवाज. भिंतीपलीकडे प्रवेश परीक्षेचा वर्ग, त्यांची तक्रार आली, आणि ती रास्त होती. तेव्हापासून कलगी-तुरा शनिवारीच. मुलांनी त्याचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर टाकलंय, मेट्रोत ऐकतात म्हणे. न गाणारी दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना ओढू नये, सेकंद मोजायला बसवावं, ती उलट नेमकं मोजतात.

आणि कुणी वापरून बघणार असेल तर ढोलकी विकत घेऊ नका. मी घेतली, कपाटावर पडून आहे. बेंच पुरतो.