सीसीटीव्ही टेस्टर: एक पावसाळा आणि एक आंब्याचा हंगाम वापरल्यावर

चार्जिंगच्या जॅकवर रबरी झाकण नाही असा टेस्टर (कॅमेऱ्याचं चित्र शिडीवरच दाखवणारी, बॅटरीवरची छोटी स्क्रीन) कोकणात घेऊ नका. पुढे मी या वस्तूचं कौतुक करणार आहे आणि ते मनापासून करणार आहे, पण हे आधी वाचा. ऐन मार्चमध्ये, बागायतदारांचे फोन सुरू झाले असताना, माझा टेस्टर चार्ज व्हायचा बंद झाला. बॅटरी चांगली, स्क्रीन चांगली, बोर्ड चांगला. गेला तो फक्त जॅक. आतली पिन हिरवी पडून अर्धी खाऊन गेली होती.

मी देवगड तालुक्यात कॅमेरे बसवतो. घरं, आंब्याच्या बागा, बंदराकडची दुकानं, अधूनमधून मालवणकडचे होमस्टे. टेस्टर या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असलेलाच आहे: मनगटाला बांधायचा, पाच इंची, अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांचे एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय आणि जुना सीव्हीबीएस असे चारही सिग्नल दाखवणारा, १२ व्होल्ट १ अँपिअर आउटपुट, एचडीएमआय इन. लॅन पोर्ट नसलेला स्वस्तातला प्रकार. साडेसहा हजारांना पडला. हाच डबा वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जातो, म्हणून नावात शिरत नाही.

घेण्याआधी माझा जीव अडकला होता पंधरा इंची पोर्टेबल मॉनिटरमध्ये. भाच्याकडे आहे, तो मागून कामावर नेऊनही पाहिला. पातळ, हलका, पॉवर बँकेवर चालतो. डीव्हीआरसमोर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यासमोर, बसून सेटिंग करायला त्याच्यासारखं सुख नाही. विशेषतः चाकरमान्यांच्या बंद घरात, जिथे टीव्ही एक तर नसतो किंवा गणपतीनंतर गुंडाळून ठेवलेला असतो. पण शिडीवर तो निरुपयोगी. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याच्या शेपटीला बीएनसी (पिळून बसवायचं गोल कनेक्टर) असतं, एचडीएमआय नसतं. म्हणजे चित्र बघायला मध्ये डीव्हीआर हवाच, आणि डीव्हीआर माजघरात, कॅमेरा गडग्याच्या टोकाला. शिवाय अशा मॉनिटरचा उजेड साधारण २५० निट्सचा. खोलीत भरपूर होतो, पण कातळावर दुपारी त्यात स्वतःचा चेहरा तेवढा दिसतो.

काही जण गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची सात इंची स्क्रीन वापरतात. स्वस्त मिळते. त्यातल्या बऱ्याच फक्त सीव्हीबीएस घेतात. आजचा कॅमेरा कारखान्यातून टीव्हीआय किंवा सीव्हीआयवर येतो आणि त्या स्क्रीनवर धड चित्र येत नाही. मग कॅमेऱ्याच्या वायरीवरचं बटण दाबून धरून तो सीव्हीबीएसवर न्यायचा, कोन लावायचा, परत मूळ मोडवर आणायचा. हे शिडीवर एका हाताने करून बघा, मग टेस्टरचे पैसे महाग वाटणार नाहीत.

टेस्टर येण्याआधी आमची पद्धत म्हणजे एक माणूस डीव्हीआरपाशी, एक शिडीवर आणि मध्ये ओरडा. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा ओरडण्याशिवाय दुसरा उपाय नव्हता. आता कॅमेऱ्याची वायर थेट मनगटावरच्या स्क्रीनला लावायची, कोन पक्का करायचा, स्क्रू आवळायचे आणि खाली उतरायचं. दोन माणसांचं काम एका माणसात होतं. बरोबरच्या पोराची हजेरी वाचते, त्यातच टेस्टरची किंमत वसूल झाली.

तरी मला विचाराल तर यातली स्क्रीन दुय्यम आहे. खरी वस्तू आहे ते १२ व्होल्टचं आउटपुट.

एका बागायतदारांच्या फाटकावर कॅमेरा होता. माझ्या आधी कोणीतरी बसवलेला. घरापासून फाटक साधारण ऐंशी मीटर, थ्री प्लस वन केबल (चित्राची एक तार आणि सोबत तीन बारीक तारा), त्याच केबलमधून पॉवर. तक्रार अशी: "दिवसाचो बरो दिसता रे, काळोख पडलो की गायब." आधीच्या माणसाने कॅमेरा बदलून दिला होता. नवाही रात्री गायब. मल्टिमीटर लावला तर फाटकाच्या टोकाला व्यवस्थित १२ व्होल्ट. कॅमेरा काढून मोजलं तर १२ दिसणारच, कारण तेव्हा वायरीतून प्रवाहच जात नसतो.

मी कॅमेरा त्या केबलवरून सोडवला, टेस्टरच्या १२ व्होल्टवर घेतला आणि तळव्याने त्याचं तोंड झाकलं. अंधार झाला असं समजून कॅमेऱ्याने रात्री दिसण्यासाठीचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे पेटवले, चित्र काळंपांढरं झालं आणि तसंच ठाम राहिलं. म्हणजे कॅमेरा निर्दोष. परत केबलवर लावला, तोंड झाकलं, चित्र थरथरून गेलं. दोष वायरीत. भर दुपारी, रात्रीची वाट न बघता, मालकांच्या डोळ्यांसमोर.

हिशोब सोपा आहे. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३९ ओहम. ऐंशी मीटर जायचे, ऐंशी यायचे, म्हणजे १६० मीटरला सहा ओहमच्या थोडं वर. आयआर पेटल्यावर कॅमेरा ०.४ अँपिअरच्या आसपास ओढतो. अडीच व्होल्ट वाटेतच गेले, कॅमेऱ्याला साडेनऊ उरले. हे चांगल्या तांब्याचं. स्वस्त थ्री प्लस वनमधली पॉवरची तार याहून बारीक असते आणि बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. तिचा रोध त्याच जाडीला दीडपटीच्या आसपास. दिवसा आयआर बंद असतात तोवर निभतं, रात्री निभत नाही. आम्ही फाटकाजवळच्या पंपघरातून वीज घेऊन तिथेच अडॅप्टर बसवला आणि घरापासूनची केबल फक्त चित्रासाठी ठेवली. तेव्हापासून तक्रार नाही.

म्हणून दुकानात सगळे "किती मेगापिक्सेल सपोर्ट" विचारतात त्याचं मला नवल वाटतं. ८ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तेवढा सिग्नल घेतो इतकाच. माझी स्क्रीन आहे ८०० बाय ४८०. व्हॅरिफोकल (जवळ-दूर करता येणाऱ्या) लेन्सचा बारीक फोकस तिच्यावर डोळे मिटून धरू नका. टेस्टरमध्ये झूम आहे, तो पूर्ण वाढवून फाटकाच्या कडीवर किंवा गाडीच्या नंबर प्लेटवर फोकस करायचा आणि खाली येऊन मोठ्या पडद्यावर एकदा तपासायचं.

एचडीएमआय इनबद्दल थोडक्यात. बंद घरात डीव्हीआर सुरू करून पासवर्ड घालायला, तारीख-वेळ लावायला, हार्ड डिस्क फॉरमॅट करायला पुरतो. अक्षरं बारीक, चष्मा लागतो. जुन्या डीव्हीआरचं आउटपुट कोणी ४केवर ठेवलं असेल तर टेस्टरवर काहीच येत नाही. ते १०८०वर आणायला शेजाऱ्यांचा टीव्ही मागावा लागतो.

आता जॅक.

कंपनीला समजायला हवं होतं की ही वस्तू घराबाहेर वापरण्यासाठीच आहे. जून ते सप्टेंबर आमच्या हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असते आणि किनाऱ्यालगत तिच्यात मीठ असतं. ओलं मीठ वीज वाहून नेतं. उघड्या पिनेवर डीसी व्होल्टेज असलं की धनाकडचा धातू झिजत जातो, नुसत्या दमट हवेपेक्षा कितीतरी वेगाने. कॅमेऱ्याच्या डीसी पिना आम्ही याच कारणाने डब्यात बंद करतो, वायर खालून घेतो, तिला झोळ देतो म्हणजे पाणी थेंबाने गळून जातं. साधी काळी टेप गुंडाळत नाही, तिच्यात पाणी शिरतं ते निघत नाही. एवढी काळजी आम्ही हजार रुपयांच्या कॅमेऱ्याची घेतो. साडेसहा हजारांच्या टेस्टरला बनवणाऱ्याने एक रबराचा तुकडा दिला नाही. बीएनसीला झाकण आहे. एचडीएमआयला झाकण आहे, जे महिन्यातून एकदा उघडतं. रोज उघडायच्या जॅकला नाही!

त्यात तो जॅक गोल पिनेचा, टाइप-सी नाही. त्याचा स्वतःचा अडॅप्टर लागतो, भिंतीतली वीज लागते. वादळवाऱ्यात आमच्याकडे वीज जाते ती तासांच्या हिशोबाने येत नाही. पॉवर बँक खिशात असून उपयोग नाही. टेस्टर कॅमेऱ्याला पॉवर देत असेल तर बॅटरी दोन तासांच्या आत बसते, म्हणून रोज चार्ज करावाच लागतो, म्हणून जॅक रोज उघडा पडतो.

सर्व्हिस सेंटरला फोटो पाठवले. वॉरंटी शिल्लक होती. उत्तर आलं: ओलाव्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही. मी कार्ड वाचून दाखवलं, त्यात पाण्यात पडल्यास असं आहे, हवेतल्या ओलाव्याचा उल्लेख नाही. मग म्हणाले, जॅक सुटा मिळत नाही, बोर्ड बदलावा लागेल, किंमत जवळपास टेस्टरच्या निम्मी, मुंबईला जायचा-यायचा कुरिअर तुमचा. मी विचारलं, तुम्ही किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत विकता, मग इथल्या हवेत तो टिकायला नको का? त्या प्रश्नाला उत्तर नाही. फोन दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे. हंगामाच्या दिवसांत कामावरून उठून फोन करायला कोणाला वेळ आहे?

इथवर लिहून ठेवलं होतं तेव्हा दोन स्टार द्यायचं ठरवलं होतं. नंतर दोन गोष्टी घडल्या आणि मत बदललं.

पहिली म्हणजे टेस्टर दुरुस्त झाला. देवगडात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एकाने बोर्ड उघडून बघितला, पट्टे शाबूत आहेत म्हणाला आणि दोनशे रुपयांत नवा जॅक सोल्डर करून दिला. वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मीच चिकटवला, तो अजून टिकून आहे. आत बघितल्यावर हेही कळलं की बॅटरी साध्या १८६५० (सहज मिळणाऱ्या गोल) सेलची आहे, म्हणजे उद्या ती दमली तरी टेस्टर फेकावा लागणार नाही. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू आहे, फक्त विकणाऱ्याला ती दुरुस्त करायची नाही. हा फरक मला स्टार देताना धरावासा वाटला.

दुसरी गोष्ट मालवणची. होमस्टेमध्ये आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे, पीओई स्विचवर, म्हणजे लॅन वायरीतूनच वीज. मला वाटत होतं की इथे आपला स्वस्तातला टेस्टर लंगडा पडणार आणि वीस-पंचवीस हजारांचा सात इंची आयपी टेस्टर घ्यावाच लागणार. एका मित्राचा आणूनही वापरला. तो चांगलाच आहे, खोटं कशाला बोलू: लॅन वायर लावली की पीओईने कॅमेरा सुरू करतो, त्याचा पत्ता शोधतो, चित्र दाखवतो, केबलच्या आठ तारांत कुठली तुटली तेही सांगतो. पण सात इंची डबा गळ्यात अडकवून कौलारू घराच्या वळचणीशी वाकताना तो शिडीवर आपटतो.

मग एक कॅमेरा मी माझ्या पद्धतीने केला. बहुतेक आयपी कॅमेऱ्यांना लॅनबरोबर १२ व्होल्टची डीसी पिनही असते. ती टेस्टरच्या आउटपुटवर घेतली. कॅमेऱ्याची लॅन वायर पॉवर बँकेवर चालणाऱ्या लहानशा राउटरला, राउटर कमरेच्या पाऊचमध्ये, फोन त्याच्या वायफायवर. पत्ता कारखान्यातला असेल तर हिकव्हिजनचा १९२.१६८.१.६४, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. राउटर त्याच रांगेत ठेवायचा, फोनच्या ब्राउझरमध्ये कॅमेरा उघडतो. इंटरनेट लागत नाही, वाडीत रेंज नसली तरी चालतं. चित्र फोनवर आणि फोनची स्क्रीन टेस्टरपेक्षा कितीतरी स्वच्छ, त्यामुळे फोकसही तिथेच झाला. महिन्यातून एखादं आयपीचं काम असणाऱ्याला एवढं पुरे. निम्म्याहून जास्त काम आयपीचं असेल तर मात्र मोठा टेस्टर घ्या.

१ अँपिअरची मर्यादा लक्षात ठेवा. साध्या बुलेट-डोमला पुरतो. फिरणारे पीटीझेड आणि रात्री पांढरे दिवे लावून रंगीत चित्र देणारे काही कॅमेरे जास्त ओढतात. तिथे टेस्टरवर चित्र गेलं म्हणजे कॅमेरा खराब असं समजून बदलून देऊ नका, खोक्यावरचे वॅट आधी वाचा.

पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड जॅकचा आणि त्या फोन कॉल्सचा.

घ्यायला जाल तेव्हा आपला कॅमेरा बरोबर न्या, ज्याचे आयआर दिवे चांगले आहेत असा. दुकानातच टेस्टरच्या पॉवरवर लावा, तोंड हाताने झाकून दहा-पंधरा मिनिटं तसाच चालू ठेवा. चित्र हललं किंवा टेस्टर बंद पडला तर तो पीस घेऊ नका. तेवढ्यात चार्जिंगचा जॅक बघून घ्या, टाइप-सी असेल आणि झाकण असेल तर हजार-बाराशे जास्त गेले तरी जाऊ द्या. बॅटरी स्क्रू काढून बदलता येते का तेही विचारा. दुकानदार एवढा वेळ चालू ठेवू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.